खर्डीतली बिऱ्हाडं : आपल्या सोसायटीचा न लिहिलेला इतिहास

सोसायटीला पंचवीस वर्षं होत आहेत, तेव्हा स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा, असं संपादक मंडळाने मला सांगितलं. बँकेत हयात गेल्यामुळे माझ्याकडे कागदपत्रं नीट राहतात असा आपल्याकडे एक समज आहे, त्याचा हा परिणाम असावा. मग कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडून बसलो. नोंदणी प्रमाणपत्र, सभांची इतिवृत्तं, लेखापरीक्षणाचे अहवाल, 'आय' नमुन्यातली सभासद नोंदवही, 'जे' नमुन्यातली सभासदांची यादी, सगळं बाहेर काढलं. आठवडाभरात लक्षात आलं की या कागदांवरून सदनिकांच्या मालकांचा इतिहास लिहिता येईल, पण इथे राहून गेलेल्या माणसांचा नाही.

आपल्या दोन विंगांत मिळून ४८ सदनिका. बिनभोगवटा शुल्काच्या, म्हणजे आपण ज्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो त्याच्या, पावत्या वर्षवार लावून पाहिल्या. बहुतेक वर्षी १८ ते २२ घरं भाड्याने दिलेली होती. म्हणजे कुठल्याही दिवशी जिन्यात भेटणाऱ्या दर पाच माणसांतली दोन माणसं भाडेकरू असणार. पंचवीस वर्षांत किती कुटुंबं आली आणि गेली, याची नोंद कुठेच नाही. पावतीवर नाव मालकाचं, फलकावर नाव मालकाचं. म्हणून हा लेख मुद्दाम त्या बिऱ्हाडांविषयी लिहितो आहे. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे भाडेकरूंविषयी एक ठराव येतो आहे, त्यामुळे हा विषय केवळ आठवणींचा राहिलेला नाही. त्या ठरावाकडे शेवटी येतो.

मुंबईने भाडेकरूला कसं बाहेर ढकललं

'बिऱ्हाड' हा शब्द आपल्या पिढीला चांगला ठाऊक आहे. 'कुठे राहता?' यापेक्षा 'बिऱ्हाड कुठे केलंत?' असं विचारायची पद्धत होती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं नोकरदार माणसाचं असे. मुंबईतला मराठी माणूस शंभर वर्षं मुख्यतः भाड्याच्याच खोलीत राहिला. माझ्या वडिलांची खोली लालबागला, १० बाय १२ ची, आणि आम्ही सात जण. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, कारण अख्खी चाळच भाडेकरूंची होती.

या चाळींच्या मागे मोठा इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्यांमुळे रोग पसरतो हे सरकारच्या लक्षात आलं आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. जुन्या वस्त्या पाडून रस्ते झाले, नव्या चाळी उठल्या. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी इतकी वाढली की १९१८ साली भाडेवाढीवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. भाडे नियंत्रण ही स्वातंत्र्यानंतरची कल्पना, असा जो समज आहे तो खरा नाही. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं गेलं.

या कायद्याने आमच्यासारख्या लाखो कुटुंबांना आधार दिला. गिरणी बंद पडली तरी डोक्यावरचं छप्पर गेलं नाही. पण त्याची दुसरी बाजूही होती. भाडं गोठल्यावर मालकांनी दुरुस्ती सोडली, नवीन चाळी बांधणं थांबलं आणि खोली हवी असेल त्याला पागडी मोजावी लागू लागली. मग लोकांनी भाडेकरार सोडून 'लिव्ह अँड लायसन्स'ची वाट काढली. तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्यांचं भलं झालं. पण पुढच्यांसाठी दारं बंद झाली. घर भाड्याने दिलं की गेलं, अशी धास्ती मालकांच्या मनात बसली. लोकांनी फ्लॅट कुलूपबंद ठेवले, पण भाड्याने दिले नाहीत. बँकेत असताना आमच्या कितीतरी अधिकाऱ्यांना बदलीच्या गावी घर मिळत नसे. बँकच करारात सामील आहे म्हटल्यावर एखादा मालक तयार व्हायचा. घाबरवणारी माणसं आम्ही नव्हतो, कायद्याची भीती होती.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, त्याची जबाबदारी मालकाची, आणि परवान्याची मुदत संपल्यावर मालकाला जागा परत मिळण्याची स्वतंत्र सोय, असं त्यात आहे. कुलुपं हळूहळू उघडू लागली. आपली सोसायटी नोंदली गेली ती नेमकी याच सुमारास, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दरम्यान आणखी एक घाव बसला होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप पुढे विरून गेला. पण गिरणगावाचं कंबरडं मोडलं. खोली विकून किंवा सोडून माणसं लोकलच्या रुळांवरून पुढे सरकू लागली. डोंबिवली, कल्याण, मग टिटवाळा, मग वासिंद, आसनगाव. ज्याला जिथलं भाडं परवडेल तिथे तो उतरला. आमच्या घरातच पाहा. वडील लालबागला, मोठा भाऊ डोंबिवलीत, मी कल्याणला भाड्याने आणि शेवटी खर्डीत. एका पिढीत आम्ही शंभर किलोमीटर सरकलो.

खर्डी : रेल्वे आधी, घरं नंतर

आपल्या गावाला रेल्वे काही काल-परवा आलेली नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ची, ती सर्वांना पाठ असते. १ ऑक्टोबर १८५५ ला रूळ वासिंदपर्यंत आले. १ जानेवारी १८६१ ला कसाऱ्यापर्यंतचा मार्ग सुरू झाला. थळ घाट फोडून इगतपुरी गाठायला मात्र १ जानेवारी १८६५ उजाडलं. म्हणजे खर्डीवरून गाडी धावू लागली त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली.

मग घरं इतक्या उशिरा का आली? पहिलं कारण अंतर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते खर्डी १०७ किलोमीटर, लोकलने अडीच तासांच्या आसपास. कल्याणच्या पुढे गाड्या विरळ, आणि एक चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर ताटकळत राहणं आलं. पूर्वी इथे राहणारे म्हणजे शेतकरी, आदिवासी पाड्यांवरचे लोक, दुकानदार आणि रेल्वेचे कर्मचारी.

दुसरं कारण जमीन. शहापूर आणि मुरबाड हे भातशेतीचे, जंगलाचे आणि आदिवासींचे तालुके. इथे 'कूळ' हा शब्द आपल्या 'भाडेकरू'पेक्षा जुना आणि जास्त जड आहे. जमीन कसायची कुळाने आणि खंड न्यायचा सावकाराने किंवा खोताने, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. १९४८ च्या कूळकायद्याने आणि त्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक होण्याचा हक्क मिळाला. आदिवासींची जमीन फसवून काढून घेतली जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत १९७४ साली कलम ३६अ आलं. परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेता येत नाही, ती त्यामुळे.

माझी नेमणूक शहापूरच्या शाखेत झाली तेव्हा गृहकर्जाचे प्रस्ताव माझ्या टेबलावर येत. सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, तीस वर्षांचा शोध अहवाल. स्वस्तातला प्लॉट घेऊन आलेला एखादा गृहस्थ मोठ्या आशेने समोर बसलेला असे आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात वेगळंच काही लिहिलेलं दिसे. 'साहेब, शेजारच्याने तर घर बांधलंसुद्धा!' असं तो म्हणे. शेजाऱ्याने बांधलं म्हणून आपली जमीन मोकळी होत नाही, हे सांगताना मला वाईट वाटे. पण कर्ज नाकारून वाचवलेले लोक नंतर रस्त्यात थांबून नमस्कार करत. खर्डीत घर स्वस्त का, याचं अर्धं उत्तर अंतरात आहे आणि अर्धं या कागदांत. ज्याला कागदांची खात्री नव्हती त्याने भाड्याने राहणं पसंत केलं. तो शहाणपणाच होता.

पहिली पाच वर्षं

आपली इमारत उभी राहिली तेव्हा सदनिका घेणारे तीन प्रकारचे होते. पहिले, इथे येऊन राहणारे. यात रेल्वेचे लोक, शिक्षक, आणि कल्याणपलीकडच्या भाड्याला कंटाळलेले नोकरदार. दुसरे, 'पुढेमागे किंमत येईल' म्हणून घेऊन ठेवणारे. तिसरे, निवृत्तीचे किंवा गिरणीतून मिळालेले पैसे कुठेतरी सुरक्षित ठेवायचे म्हणून घर घेणारे. या तिसऱ्या प्रकारच्या लोकांना घराचं भाडं म्हणजेच पेन्शन होतं. आजही आपल्याकडे दोन-तीन विधवा सभासद अशा आहेत की ज्यांचं महिन्याचं औषध खर्डीच्या भाड्यातून येतं. भाडेकरू नको म्हणताना हे विसरता कामा नये.

मी स्वतः २००१ मध्ये इथे पहिल्यांदा आलो तो भाडेकरू म्हणूनच. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर, आणि मागच्या खिडकीतून डोंगर. दोन वर्षांनी दुसऱ्या विंगेत विकत घेतलं. असं करणारा मी एकटा नव्हतो. सभासद नोंदवही आणि पावत्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर आजच्या सभासदांपैकी किमान नऊ जण आधी याच इमारतीत भाड्याने राहत होते. त्यांनी आधी पाणी पाहिलं, गाडी पाहिली, शेजार पाहिला, आणि मग घर घेतलं.

हे त्याच काळात का घडलं, याचा हिशेब बँकवाल्याला लगेच कळतो. २००० च्या सुमारास गृहकर्जाचा दर १३ टक्क्यांच्या आसपास होता. त्या दराने १५ वर्षांसाठी एक लाख रुपये घेतले तर हप्ता येतो महिना सुमारे १,२६५ रुपये. पुढच्या तीन-चार वर्षांत व्याजदर भराभर उतरले. ८ टक्के धरले तर त्याच लाखाचा हप्ता होतो सुमारे ९५६. तीन लाखांच्या कर्जावर महिन्याला जवळपास ९३० रुपयांचा फरक. त्या वेळी खर्डीत एवढ्यात एखादी खोली भाड्याने मिळत होती! शाखेत माझ्यासमोर बसून एक गँगमन बोटांवर हिशेब करत म्हणाला होता, 'साहेब, म्हणजे भाड्यात थोडी भर घातली की घर आपलं?' मी म्हटलं, 'थोडी नाही, बरीच. पण पंधरा वर्षांनी आपलं.' तो आजही आपल्या 'अ' विंगेत आहे, आता निवृत्त.

ज्यांना हे जमलं नाही ते भाड्यानेच राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, आरोग्य केंद्रातल्या परिचारिका, आसनगाव-आटगावच्या कारखान्यांतले फिटर, धरणाच्या कामावरचे सुपरवायझर, हायवेवरच्या हॉटेलांतले आचारी, मुंबईत रात्रपाळीची सिक्युरिटी करणारे. बदलीची नोकरी किंवा हातावरचं पोट. यांतले बरेच जण पहाटे घराबाहेर पडत आणि शेवटच्या कसारा लोकलने परतत. सोसायटीत त्यांचा आवाज फक्त जिन्यात ऐकू येई, तोही चपलांचा.

पाण्याचे दिवस

शहापूर तालुका धरणांचा. १८९२ साली तानसा झाला, मग मोडकसागर, भातसा, आणि अलीकडे शेजारच्या मोखाड्याच्या हद्दीत मध्य वैतरणा. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा आपल्या आसपासच्या डोंगरांतून जातो. आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही.

आपली बोअरवेल मे महिन्यात आटते, हे पहिल्या वर्षीच कळलं. इतिवृत्तांत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी 'पाणी' म्हणेन. आणि त्याच्या खालोखाल येणारी तक्रार : 'भाडेकरू पाणी जास्त वापरतात.' मी पावत्या आणि टँकरचे हिशेब शेजारी ठेवून पाहिले. ज्या वर्षी भाडेकरू कमी होते त्या वर्षी टँकर कमी लागले, असं काही दिसत नाही. पाऊस उशिरा आला त्या वर्षी मात्र टँकर वाढले. हिशेब बोलतो ते ऐकावं.

उलट एक प्रसंग नोंदवण्यासारखा आहे. एका उन्हाळ्यात बोअरची मोटर जळाली. मेकॅनिक कल्याणहून यायचा होता, तो दोन दिवस आलाच नाही. 'ब' विंगेत तळमजल्याला राहणारा भाडेकरू आटगावच्या कारखान्यात वायरमन होता. रात्रपाळी करून तो सकाळी आला, मोटर वर काढायला चार जण जमवले आणि रिवाइंडिंग करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी चालू केलं. त्याने मजुरी घेतली नाही, फक्त तारेचे पैसे घेतले. इतिवृत्तात तेव्हा लिहिलं गेलं : 'मोटर दुरुस्त करण्यात आली.' कुणी केली, ते नाही. पुढच्या वर्षी त्याची मुदत संपली आणि तो आसनगावला राहायला गेला.

टाळेबंदीचं वर्ष

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, तेव्हा खर्डी म्हणजे काय हे आपल्याला खऱ्या अर्थाने कळलं. जूनच्या मध्याला अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी गाड्या सुरू झाल्या, पण सर्वसामान्य प्रवाशांचं लोकलचं दार दीर्घकाळ बंदच राहिलं. लसीच्या दोन मात्रा झालेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास करता येऊ लागला. शंभर किलोमीटरवर रोजगार असलेल्या माणसाचा रूळ तुटला म्हणजे सगळंच तुटलं.

त्या वर्षी सात भाडेकरू घर सोडून गेले. एक कुटुंब पहाटे टेम्पोत सामान भरून गेलं. सांगून जायला तोंड नव्हतं, कारण तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. त्यांच्या घरमालकीणबाई डोंबिवलीला राहतात. त्यांना फोन केला तेव्हा म्हणाल्या, 'जाऊ दे हो भाऊ, त्यांची मुलं लहान आहेत. पण माझं आता कसं व्हायचं?' एका बाजूला कमाई बुडालेला भाडेकरू, दुसऱ्या बाजूला त्याच भाड्यावर जगणारी मालकीण. भाडेकरू आणि मालक हे एकमेकांचे शत्रू आहेत असं समजणाऱ्याने हे संभाषण ऐकायला हवं होतं.

त्याच काळात तिसऱ्या मजल्यावर आरोग्य केंद्रातली एक परिचारिका भाड्याने राहत होती. सुरुवातीला काहींनी तिला घर सोडायला सांगावं असं सुचवलं, हे सांगायला वाईट वाटतं. कमिटीने ते ऐकलं नाही. पुढच्या दीड वर्षात ऑक्सिमीटर कसं वापरायचं, कुणाला शहापूरला हलवायचं, लस कुठे आहे, हे सगळ्यांनी तिलाच विचारलं. तिचंही नाव आपल्या कुठल्या कागदावर नाही.

भिंतीवरचं प्रमाणपत्र

आता यंदाच्या ठरावाकडे येतो. ठरावाचे तीन भाग आहेत. एक, भाड्याने दिलेल्या घरांना महिना ५०० रुपये जादा आकार. दोन, एकट्या माणसांना घर द्यायचं नाही, फक्त कुटुंबाला. तीन, भाडेकरूंना सोसायटीच्या कार्यक्रमांच्या समित्यांवर घेऊ नये.

पहिल्या भागाबद्दल नियम स्पष्ट आहे. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आपलं सेवाशुल्क महिना ७०० रुपये, म्हणजे वरचे ७० रुपये. ५०० रुपये घेतले तर लेखापरीक्षक आक्षेप घेतील आणि पैसे परत द्यावे लागतील. सभासदाची विवाहित मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तर तेवढंही नाही.

दुसऱ्या भागाबद्दल एवढंच की वर उल्लेखलेला वायरमन आणि परिचारिका, दोघंही एकटेच राहत होते. करार नोंदवा, पोलीस ठाण्यात माहिती द्या, ओळखपत्रं घ्या, गोंधळ केला तर जाब विचारा. ही काळजी जरूर घ्यावी, आणि त्यात कसूर करणाऱ्या मालकांना पत्रं गेली पाहिजेत. पण माणूस एकटा आहे हा दोष नाही.

तिसऱ्या भागासाठी मी सर्वांना कार्यालयातल्या भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र वाचायची विनंती करतो. पंचवीस वर्षं ते तिथे टांगलेलं आहे. त्यावर लिहिलं आहे की संस्थेचं वर्गीकरण 'गृहनिर्माण संस्था' आणि उपवर्गीकरण 'भाडेकरू सहभागीदारी'. सहकार नियमांत गृहनिर्माण संस्थांचे जे पोटप्रकार आहेत, त्यांतला हा एक. एकाच जमिनीवर एकत्र इमारत असलेल्या बहुतेक सोसायट्या याच प्रकारात नोंदलेल्या असतात.

हा शब्द आला कुठून? आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, तो फक्त पतसंस्थांसाठी होता. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांना वाट मिळाली आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक. त्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्यासारख्या सहकारी कार्यकर्त्यांचे कष्ट होते. मुंबईत भाड्याने घर मिळवताना हैराण झालेले मध्यमवर्गीय लोक एकत्र आले, आणि कल्पना अशी की इमारत संस्थेची, सभासद तिचे भागीदारही आणि भाडेकरूही. घरमालक कोण? आपण सगळे मिळून. भाडेकरू कोण? आपण प्रत्येक जण.

म्हणजे कायद्याच्या भाषेत आपण ४८ जणही संस्थेचे भाडेकरूच आहोत. आपल्या जमिनीचं अभिहस्तांतरण व्हायला किती वर्षं लागली ते जुन्या सभासदांना आठवत असेल. सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत विकासकाने ते करून द्यायचं असतं. आपल्याला शेवटी मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे जावं लागलं. तोवर इमारतीखालची जमीन दुसऱ्याच्याच नावावर होती. त्या वर्षांत 'मालक' म्हणवणारे आपणही कुणाच्या तरी जमिनीवर बिऱ्हाड करूनच राहत होतो.

पुढची पंचवीस वर्षं

खर्डी आता बदलते आहे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तो आपल्याच तालुक्यातून जातो. कल्याण-कसारा तिसऱ्या रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. गोदामं येतील, गाड्या वाढतील, जमिनीचे भाव तर वाढलेच आहेत. आपल्यातले काही जण खूश आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. पण भाव वाढले की भाडं वाढतं. मुंबईने डोंबिवलीला ढकललं, डोंबिवलीने टिटवाळ्याला, तिथून माणसं खर्डीला आली. खर्डीच्या पुढे लोकलचं फक्त उंबरमाळी आणि कसारा उरतं, मग घाट. परवडणाऱ्या भाड्याच्या शोधात निघालेल्या माणसाला पुढे स्टेशन नाही. म्हणून आपण इथे त्याला कसं वागवतो याला महत्त्व आहे.

माझ्या तीन सूचना आहेत, त्या सभेपुढे लेखी दिल्या आहेत. पहिली, तळमजल्यावरच्या नामफलकावर मालकाच्या नावाखाली सध्या राहणाऱ्याचं नाव लिहावं. कुरियरवाल्याची आणि पोस्टमनचीही सोय होईल. सरकपट्टी बसवली तर खर्च फारसा नाही. दुसरी, भाडेकरूंना सभेत मत नसतं हे कायद्याने ठीक आहे, पण पाणी, गणपती आणि सुरक्षा या तीन समित्यांवर प्रत्येकी एक प्रतिनिधी त्यांच्यातून घ्यावा. तिसरी, आजपासून एक वही ठेवावी. कोण कधी आलं, काय काम करतं, कधी गेलं आणि कुठे गेलं. पन्नासाव्या वर्षी जो कुणी इतिहास लिहील, त्याला माझ्यासारखं पावत्यांवरून माणसं शोधत बसावं लागणार नाही.

वहीचं पहिलं पान मी लिहून ठेवलं आहे. ज्यांची नावं जुन्या सभासदांना आठवली त्या २७ बिऱ्हाडांची यादी त्यात आहे. आणखी कुणाला नावं आठवत असतील तर रविवारी सकाळी दहा ते बारा मी कार्यालयात असतो.

सोसायटीच्या सर्व रहिवाशांना, मालकांना आणि भाडेकरूंना, रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.